मुक्त ऑनलाइन महाअभ्यासक्रम

महाजालाद्वारे चालविला जाणारा, प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची वा शुल्काची अट नसलेला आणि एकाच वेळी हजारो किंवा लाखो अध्येत्यांना सामावून घेणारा अभ्यासक्रम. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘मूक’ असेही म्हणतात. मराठीतील ‘मूक’ या विशेषणाशी त्याचा अर्थदृष्ट्या संबंध नाही. ध्वनिचित्रफितींच्या रूपातील लहानलहान व्याख्याने, वाचनसाहित्य, ठराविक मुदतीत करावयाचे स्वाध्याय, अध्येत्यांच्या परस्परचर्चेसाठी मंच आणि शेवटी परीक्षा ही त्याची सामान्यतः आढळणारी अंगे होत. केवळ व्याख्यानांचा संग्रह म्हणजे महाअभ्यासक्रम नव्हे. निश्चित आरंभ, क्रम, मूल्यमापन व शेवट असणे हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते.

पूर्वपीठिका : वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यापर्यंत शिक्षण नेण्याचे प्रयत्न जुने आहेत. आयझॅक पिटमन याने १८४० मध्ये इंग्लंडमधील नव्या स्वस्त टपालसेवेचा उपयोग करून लघुलिपीचे धडे पाठविण्यास प्रारंभ केला. विसाव्या शतकात नभोवाणी व दूरचित्रवाणी ही साधने क्रमाने हाती घेण्यात आली. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठ (१९६९), दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नासिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनी दूरशिक्षणाला पदवीची प्रतिष्ठा दिली. मात्र या संस्थांत प्रवेश, शुल्क, अभ्यासकेंद्र व समुपदेशक यांची व्यवस्था असते. महाअभ्यासक्रमात यांपैकी बहुतेक गोष्टी वगळलेल्या असतात. [→ दूरशिक्षण].

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेने आपले पाठ्यसाहित्य महाजालावर विनामूल्य ठेवण्याचा निर्णय २००१ मध्ये जाहीर केला. तथापि ते केवळ साहित्य होते, अध्यापन नव्हते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीव्हन डाउन्स यांनी २००८ मध्ये संयोजनवादावर एक अभ्यासक्रम चालविला. शुल्क भरणारे विद्यार्थी २५ होते. परंतु महाजालावरून सु. २,२०० जण त्यात विनामूल्य सहभागी झाले. या प्रयोगाच्या संदर्भातच डेव्ह कॉर्मिअर यांनी ‘मूक’ ही संज्ञा प्रचारात आणली. अध्येत्यांनी परस्परांशी संपर्क साधून ज्ञान घडवावे, ही त्यामागील कल्पना होती.

विस्तार : पुढे जो प्रकार जगभर पसरला, तो याहून वेगळा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सबॅस्टिअन थ्रून व त्यांचे सहकारी पीटर नॉर्व्हिग यांनी २०११ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. त्यासाठी सु. १,६०,००० जणांनी नावे नोंदविली व सु. २३,००० जणांनी तो पूर्ण केला. त्याच सुमारास अँड्रू इंग यांच्या यंत्र-अध्ययनविषयक अभ्यासक्रमालाही १,००,००० हून अधिक नोंदण्या झाल्या. या अनुभवातून २०१२ मध्ये थ्रून यांची ‘युडॅसिटी’, इंग व डॅफ्नी कोलर यांची ‘कोर्सेरा’ आणि एमआयटी व हार्व्हर्ड विद्यापीठ यांचा ‘एडएक्स’ हा ना-नफा उपक्रम असे तीन मंच उभे राहिले. एडएक्ससाठी दोन्ही संस्थांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर देण्याचे ठरविले.

एमआयटीच्या विद्युत् मंडलांवरील पहिल्या अभ्यासक्रमास सु. १,५५,००० जणांनी नोंदणी केली आणि ७,१५७ जणांना प्रमाणपत्र मिळाले. मंगोलियातील उलानबातर येथील १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने त्यात पूर्ण गुण मिळविले व पुढे त्याला एमआयटीमध्ये प्रवेशही मिळाला. उत्तम विद्यापीठाचे दार कोणत्याही गावातील होतकरू मुलासाठी उघडले आहे, या आशेचे हे उदाहरण प्रातिनिधिक मानले गेले. ते खरे होते. परंतु ते सर्वसाधारण नव्हते, हे पुढील अनुभवावरून दिसून आले.

कार्यपद्धती : महाअभ्यासक्रमाचे अर्थकारण पुस्तकाच्या छपाईसारखे असते. पहिली प्रत सिद्ध करण्यास, म्हणजे चित्रीकरण, स्वाध्यायरचना व संगणकीय व्यवस्था यांस, मोठा खर्च येतो. त्यानंतरच्या प्रत्येक अध्येत्यामागे वाढणारा खर्च मात्र नगण्य असतो. म्हणूनच तो विनामूल्य देणे शक्य होते. ज्या गोष्टी अशा रीतीने गुणित करता येत नाहीत, त्या येथे दुर्मिळ ठरतात. शिक्षकाचे व्यक्तिगत लक्ष ही त्यांतील प्रमुख होय. गणित वा संगणक-आज्ञावली यांतील उत्तरे यंत्राकरवी तपासता येतात. निबंध तपासण्यासाठी अध्येत्यांनीच परस्परांचे लेखन ठराविक निकषांनुसार तपासावे, अशी योजना केली जाते. पण तपासणाराही नवशिका असल्याने तिला मर्यादा पडतात. त्यामुळे यंत्रास तपासता येतील असे विषय या पद्धतीत सहज रुजले, तर साहित्य, इतिहास, प्रयोगशाळेतील विज्ञाने यांचे अध्यापन तुलनेने कठीण ठरले.

दोष व मर्यादा : नोंदणी व पूर्तता यांतील तफावत ही सर्वांत ठळक उणीव. हार्व्हर्ड व एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील माहितीचे विश्लेषण २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०१७–१८ मध्ये एकूण नोंदणी करणाऱ्यांपैकी ३·१३ टक्के अध्येत्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. परंतु शुल्क भरून अधिकृत प्रमाणपत्राचा मार्ग स्वीकारणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. विनामूल्य नोंदणी ही पुष्कळदा ग्रंथालयात पुस्तक चाळण्यासारखी असते. एखादेच प्रकरण वाचून उठणारा वाचक अनुत्तीर्ण ठरत नाही. तथापि ज्याला खरोखरच शिकावयाचे असते, पण अडलेल्या जागी विचारावयास कोणी नसते, असा विद्यार्थीही याच संख्येत दडलेला असतो. तो केव्हा व का थांबला, हे मंचाच्या नोंदींवरून पुरते कळत नाही.

दुसरा प्रश्न लाभ कोणाला होतो, हा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सेरावरील अध्येत्यांची केलेली पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार सु. ८३ टक्के अध्येते आधीच पदविका वा पदवी मिळविलेले होते. भारत, ब्राझील, चीन इ. देशांतही अध्येते प्रामुख्याने सधन व सुशिक्षित थरांतूनच आलेले आढळले. शुल्क माफ केले, तरी इंग्रजीचे ज्ञान, संगणक, अखंड वीज, स्वस्थ जागा व स्वतःहून अभ्यास करण्याची सवय या गोष्टी विनामूल्य मिळत नाहीत. ज्यांच्या घरी त्या असतात, त्यांनाच हे उघडे दार सहज ओलांडता येते.

कॅलिफोर्नियातील सॅन होसे राज्य विद्यापीठाने २०१३ मध्ये युडॅसिटीच्या साहाय्याने गणिताचे तीन अभ्यासक्रम अल्प शुल्कात व श्रेयांकांसह चालविले. विद्यार्थ्यांत गणितात मागे पडलेले व अभावग्रस्त वस्त्यांतील शाळांतून आलेले बरेच होते. पायाभूत गणितात उत्तीर्णांचे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहिले आणि प्रयोग काही काळ स्थगित करण्यात आला. पुढील सत्रात निकाल पुष्कळ सुधारले; पण त्या सत्रातील निम्म्याहून अधिक अध्येत्यांकडे आधीच एखादी पदवी होती. ज्यांना शिक्षणाची सर्वाधिक निकड, त्यांनाच मनुष्य-शिक्षकाचीही सर्वाधिक गरज असते, हा या प्रयोगाचा धडा होय. त्याच वर्षी या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्व्हर्डचे मायकेल सँडेल यांना खुले पत्र लिहून, त्यांचा न्यायविषयक मुद्रित अभ्यासक्रम आपल्या वर्गात वापरण्यास नकार दिला. श्रीमंत विद्यापीठांत प्रत्यक्ष प्राध्यापक आणि सामान्य विद्यापीठांत त्यांच्या चित्रफिती, अशी विभागणी होईल, अशी भीती त्यात व्यक्त झाली होती.

‘मुक्त’ हा शब्दही काळानुसार आकुंचित झाला. एडएक्सने २०१५ च्या अखेरीस विनामूल्य प्रमाणपत्रे बंद केली. २०२१ मध्ये हा मंच टूयू या व्यापारी कंपनीस ८० कोटी डॉलरना विकण्यात आला व त्या कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीविषयक संरक्षण मागितले. युडॅसिटी व्यावसायिक प्रशिक्षणाकडे वळली. अमेरिकी निर्बंधांमुळे कोर्सेराने २०१४ मध्ये इराण, क्यूबा व सूदान येथील अध्येत्यांचा प्रवेश रोखला होता. यांवरून ज्ञानाचे साधन जगभर पसरले, तरी त्याची मालकी व नियंत्रण एका ठिकाणीच राहते, हे स्पष्ट होते.

भारतातील प्रसार : सात भारतीय तंत्रविज्ञान संस्था (आयआयटी) व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘एनपीटेल’ हा प्रकल्प सुरू केला. प्रारंभी त्यात अभियांत्रिकीची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध करण्यात आली. २०१४ पासून प्रमाणपत्र-अभ्यासक्रम चालू झाले. शिकणे विनामूल्य, परंतु प्रमाणपत्रासाठी अल्प शुल्क भरून नियोजित केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावयाची, ही त्याची पद्धत आहे. तोतयेगिरी व उत्तरांची देवाणघेवाण हे घरबसल्या परीक्षांतील दोष त्यामुळे बरेच टळतात.

केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ हा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन व चर्चा हे त्याचे चार विभाग होत. त्याबरोबरच, जेथे महाजाल पोहोचत नाही तेथील विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयंप्रभा’ या नावाने ३२ शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्या सुरू करण्यात आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार अभ्यासक्रमातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मंचावरून मिळविता येत. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्के केली. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा अध्यापक नाही, तेथील विद्यार्थ्यांची यामुळे मोठी सोय होते. मात्र हीच सोय रिक्त पदे न भरण्याचे निमित्त ठरू नये, ही दक्षता घेणे आवश्यक आहे. भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. उच्च शिक्षणाचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक लहान पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले आहेत. परिभाषा व उदाहरणे विद्यार्थ्याच्या भाषेत आली, तर नुसत्या उपलब्धतेचे आकलनात रूपांतर होण्यास मदत होते.

मूल्यमापन : महाअभ्यासक्रम विद्यापीठांची जागा घेतील, ही २०१२ च्या सुमारास वर्तविली गेलेली शक्यता प्रत्यक्षात उतरली नाही, परंतु ते निष्फळ ठरले, असेही म्हणता येत नाही. पदवीनंतर नवे कौशल्य शिकणारे नोकरदार, आपले अध्यापन सुधारू पाहणारे शिक्षक आणि दूरच्या गावातील स्वावलंबी अभ्यासक यांना त्यांनी पूर्वी दुर्लभ असलेले साधन दिले. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेने २०१४ मध्ये याच तंत्राला प्रवेशाची निवड, साहाय्यक अध्यापक व माफक शुल्क यांची जोड देऊन संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी सुरू केली व ती टिकून राहिली. गावातील ग्रंथालय वा महाविद्यालय यांत अभ्यासगट चालविणे, स्थानिक मार्गदर्शक नेमणे व परीक्षेची विश्वसनीय सोय करणे, हे उपाय कमी खर्चाचे व उपयुक्त ठरतात. चांगले व्याख्यान सर्वांपर्यंत नेण्याचे काम या अभ्यासक्रमांनी बहुतांशी साधले आहे. ते ऐकताना अडलेल्या विद्यार्थ्याच्या शेजारी कोणीतरी असावे, याची व्यवस्था मात्र समाजाला व शासनालाच करावी लागते.