बेरजेत न मावणारा सामना

फॅन्टसी बेसबॉलमध्ये आपण खऱ्या व्यावसायिक खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडतो. ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत जे करतात, त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. आज रूढ असलेल्या या खेळाचा साचा डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने आखला आणि १९८० च्या मोसमात मित्रांसोबत पहिली स्पर्धा खेळली. हे मित्र न्यूयॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटात भेटत, त्याच्या नावावरून या प्रकाराला ‘रोटिसरी’ म्हणू लागले. हा खेळ बेसबॉलमधूनच इतका फोफावला, हे स्वाभाविक होते. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूला एक पिचर आणि एक बॅटर आमनेसामने असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घटना कुणाच्या तरी नावावर लिहिता येते. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकी वृत्तपत्रे सामन्याचा असा तक्ता छापत आली आहेत. मात्र खेळाडूला सामन्यापासून सुटे करून मोजताना सामन्याचा जीवच मोजणीबाहेर राहतो, असे मला वाटते.

१९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे साखळी मोसमानंतरच्या अंतिम मालिकेचा, पहिलाच सामना घ्या. लॉस एंजेलिसच्या मैदानावर ओकलंड ४-३ ने पुढे होते आणि यजमान डॉजर्सचे शेवटच्या डावात दोन गडी बाद झाले होते. पिचर होता डेनिस एकर्सली, त्या मोसमात तब्बल ४५ सामने अखेरच्या क्षणी राखून देणारा. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला, म्हणजे होम रन. डॉजर्स ५-४ ने जिंकले. त्या अख्ख्या मालिकेत गिब्सन पुन्हा बॅट घेऊन उतरलाच नाही. नेहमीच्या फॅन्टसी स्पर्धा साखळी मोसमाबरोबर संपतात, म्हणजे या फटक्याचे गुण शून्य. दुसरा सामना २ जून २०१० चा, डेट्रॉइटचा. अर्मांडो गलारागाने सलग २६ बॅटर बाद केले. सत्ताविसावाही बाद होताच, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले आणि एकालाही बेसवर पोहोचू न देण्याचा दुर्मीळ पराक्रम हुकला. गलारागा नुसता हसला आणि पुढच्या बॅटरला बाद करून त्याने सामना जिंकला. जॉइस यांनी चित्रफीत पाहून चूक उघडपणे मान्य केली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांच्या हाती द्यायला गलारागा स्वतः गेला, तेव्हा जॉइस यांचे डोळे भरून आले. फॅन्टसीच्या हिशेबात या सगळ्याची किंमत एक जादा हिट, एवढीच.

यावर आकड्यांचे चाहते म्हणतील की स्मृती पक्षपाती असते. एका फटक्याने खेळाडू मोठा ठरत नाही, त्यासाठी १६२ सामन्यांचा मोसम पाहावा लागतो. हे मला पूर्ण मान्य आहे. तळाच्या संघात निमूटपणे उत्तम खेळणाऱ्याकडे फॅन्टसीमुळे हजारोंचे लक्ष जाते, हे या खेळाचे मोठेच देणे आहे. पण खेळाडूची योग्यता ठरवणे आणि सामन्याचा अर्थ लावणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या डावातला होम रन आणि हरता हरता मारलेला होम रन तक्त्यात सारखेच दिसतात. योग्यता ठरवताना ती समानता रास्त, सामना समजून घेताना अपुरी. शिवाय फॅन्टसी खेळणारा कधी आपल्याच लाडक्या संघाविरुद्ध आपल्या यादीतल्या पिचरचे यश चिंततो. मन असे दुभंगले की निकालाची ओढ पातळ होते.

त्यात पैसा आला की ही ओढ आणखीच क्षीण होते, आणि हा प्रश्न आपल्याकडेही होताच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि मुंबईच्या ‘ड्रीम इलेव्हन’ या फॅन्टसी कंपनीला पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. मोफत फॅन्टसीला कायद्याची आडकाठी नाही. ती जरूर खेळा, त्यातून खेळाडू नीट कळतात. पण बेसबॉल समजून घ्यायचा असेल, तर गलारागाच्या त्या सामन्याचा शेवटचा डाव एकदा सलग पाहा.