ठिगळ लावण्यापूर्वी

जुन्या, तारांच्या आऱ्यांची चाके असलेल्या मोटारीत टायरच्या आत वेगळी ट्यूब असते. रात्रीतून चाक बसले, की आपण लगेच पंक्चर काढायला निघतो. पण आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडा आला, तर पिन बदलून काम भागू शकते.

नाही तर सगळी हवा सोडावी, टायर, ट्यूब आणि रिमवर खडूने खूण करावी आणि मगच ट्यूब काढावी. पाण्यात भोक सापडले, की ते कोणत्या अंगाला आहे ते पाहावे. बाहेरच्या अंगाला असेल, तर खुणेच्या जागी टायरमध्ये खिळा शोधावा. आतल्या अंगाला असेल, तर रिमवरचा गंज किंवा वर आलेले आऱ्याचे टोक टोचत असणार. ते घासून, वर रबरी पट्टी बसवावी. भोकाभोवतीचे रबर खरवडून सोल्युशन लावावे, ते सुकले की ठिगळ दाबावे.

व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर असेल, तर मात्र नवी ट्यूबच घ्यावी. धावत्या गाडीत ती चीर फाटली, तर हवा एकदम जाते आणि गाडी हातात राहत नाही. ठिगळ भोक बुजवते. भोक पाडणारे कारण आपल्यालाच शोधावे लागते.