मातीचा हत्ती उभा का राहत नाही?

चार वर्षांच्या मुलाला मातीचा हत्ती करायला सांगा. ते आधी भलेमोठे पोट करील, त्याला सोंड चिकटवील आणि खाली काडीसारखे चार पाय लावील. हत्ती उभा करताच पाय वाकतील आणि हत्ती बसकण मारील. मूल पुन्हा पाय करील, या वेळी थोडे जाड. दोन-तीनदा असे झाले की हत्ती उभा राहील. पाहणाऱ्याला वाटेल, मूल मातीत खेळते आहे. खरे पाहता ते पदार्थविज्ञानातला एक मोठा नियम हाताने चाचपून पाहत असते.

हत्तीचे पाय, मुंगीचे पाय

हा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. समजा, तुमचा हत्ती ५ सें. मी. उंच आहे आणि त्याचा पाय १ सें. मी. जाड आहे. आता सगळी मापे दुप्पट करून १० सें. मी. उंचीचा हत्ती करा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट झाल्यामुळे घनफळ, आणि म्हणून वजनही, आठपट होईल. पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढेल. म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दुप्पट भार पडेल. भार पूर्वीइतकाच ठेवायचा, तर पायाचा छेद आठपट हवा. त्यासाठी पाय २ सें. मी. जाड करून भागणार नाही, तो सुमारे २.८ सें. मी. जाड करावा लागेल.

म्हणूनच हत्तीचे पाय खांबासारखे असतात आणि मुंगीचे केसासारखे पाय तिला पुरतात. मुंगी फुगवून हत्तीएवढी केली, तर ती आपल्याच वजनाखाली कोसळेल.

आता विचार करा. अकरावीत शिकणाऱ्याला घनफळाचे सूत्र पाठ असते. पण 'वस्तू दुप्पट केली तर वजन किती होईल?' असे विचारले, की वर्गातून 'दुप्पट' असे उत्तर हमखास येते. सूत्र पाठ झालेले असते, हाताला मात्र त्याची ओळख नसते. ही ओळख करून देण्याचे वय तीन ते सहा आणि जागा बालवाडी.

अंगणात भरलेली शाळा

खेळातून शिकवण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी खेळाची शाळा काढली. रोममधील सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत मारिया माँटेसरीबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी बालगृह सुरू केले. आईबाप कामाला गेले की तिथली मुले दिवसभर मोकाट असत. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण महाराष्ट्रात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

पण माँटेसरीची साधने महाग होती. खेड्यातल्या मुलांचे काय? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. साधने कोणती? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती! पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी 'कुरणशाळा' चालवली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

प्राणीच का?

बालवाडीत एखादा विषय घेऊन त्याभोवती आठवडाभराचे खेळ रचतात. त्यात 'प्राणी' हा विषय मुलांचा विशेष लाडका, कारण प्राणी हलतो, ओरडतो, खातो. त्याच्याकडे पाहायला मुलाला सांगावे लागत नाही.

प्राण्यांची चित्रे द्या आणि पायांवरून ढीग करायला सांगा. सापाला पाय नाहीत, कोंबडीला दोन, गाईला चार, मुंगीला सहा आणि कोळ्याला आठ. यात मोजणी आली आणि वर्गीकरणही आले. जीवशास्त्रज्ञ कीटक आणि कोळी यांना वेगळ्या गटांत घालतात, त्याची एक खूण हीच आहे.

'बगळ्यासारखे एका पायावर उभे राहा' हा खेळ घ्या. उजवा पाय उचलताना शरीर आपोआप डावीकडे झुकते, कारण गुरुत्वमध्य डाव्या पावलाच्या वर यावा लागतो. तुम्ही डावे पाऊल आणि डावा खांदा भिंतीला टेकवून उजवा पाय उचलून पाहा. साधते का?

मातीचे गोळे वळणे, कागद फाडणे, मणी ओवणे यांनी बोटांना वळण लागते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटच्याची पाळी साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान येते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून पानेच्या पाने गिरवून घेण्याची घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कारखान्यांच्या परिसरात

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामागून भोसरी, आकुर्डी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटक अशा अनेक ठिकाणांहून कुटुंबे आली. एका बालवाडीत चार भाषांची मुले बसतात. मराठी मूल 'मुंगी' म्हणते, हिंदी 'चींटी', कानडी 'इरुवे' आणि ओडिया 'पिंपुडी'. पण साखरेच्या दाण्याकडे निघालेली मुंगी सगळ्यांची एकच! शब्द वेगळे असले तरी बोट एकाच जागी जाते आणि तिथून मुले एकमेकांची भाषा उचलतात. ज्याला वर्गातली भाषा येत नाही, ते मूल 'मठ्ठ' ठरण्याचा धोका मोठा असतो. मुंगीपुढे तो धोका उरत नाही.

साधनांसाठी पैसे नाहीत, ही सबबही इथे चालत नाही. पुठ्ठ्याचा मोठा खोका म्हणजे वाघाची गुहा. पुठ्ठ्याची नळी म्हणजे हत्तीची सोंड. मात्र कारखान्यातून काहीही आणताना पत्र्याचे तुकडे, तेलकट चिंध्या आणि रसायनांची पिंपे यांना हात लावायचा नाही. प्राणी पाहावा, पण कोंडून ठेवू नये.

करून पाहा

घरात चार-पाच वर्षांचे भावंड असेल, तर हा प्रयोग कराच. कणकेचे दोन सारखे गोळे घ्या. दोन्ही सारखेच आहेत, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. मग त्याच्यासमोर एका गोळ्याचा लांब साप वळा आणि विचारा, 'आता कणीक कशात जास्त आहे?' या वयाची बहुतेक मुले 'सापात' म्हणतात. जाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने असे प्रयोग करून दाखवले, की आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते, हे मुलाला साधारण सातव्या वर्षाच्या आसपास उमगते.

भावंडाला हसू नका. 'चूक!' असेही म्हणू नका. 'असे तुला का वाटते?' एवढेच विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. मग सापाचा पुन्हा गोळा त्यालाच करू द्या. दर तीन महिन्यांनी हाच प्रयोग करा. एके दिवशी ते तुमच्याकडे आश्चर्याने पाहून म्हणेल, 'त्यात काय विचारायचे, तेवढीच तर आहे!' त्या दिवसाची तारीख लिहायला विसरू नका.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीच्या आधीची तीन वर्षे शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात धरली आहेत. पण धोरण कागदावर असते आणि मूल तुमच्या घरात किंवा शेजारच्या अंगणवाडीत. तिथल्या सेविकाताईंना विचारा आणि सुट्टीत एक तास जा. जाताना भिजवलेल्या मातीचा गोळा न्या. हत्तीचे पाय किती जाड करायचे, हे मात्र मुलांना सांगू नका. त्यांचा हत्ती दोनदा पडू द्या.