जानुकपालाची वेदना : प्रत्येक गुडघा झिजलेला नसतो

पंचविशीतील तरुणी जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते म्हणून चिकित्सालयात येते आणि ‘संधिवात’ हे निदान व गुग्गुळकल्प घेऊन परतते. असे रुग्ण आम्ही सर्वच पाहतो. बहुधा तिचा सांधा झिजलेला नसतो. मग दुखते ते काय?

सुश्रुताचार्यांनी जानुसंधी कोर प्रकारात गणला आहे, तर जानूचे अस्थी कपालास्थींत. जानुमर्म वैकल्यकर असून त्याच्या आघाताने खंजता येते. त्याच्या वर तीन अंगुळे आणिमर्म. तेथील आघाताने शोफवृद्धी व स्तब्धसक्थिता. वाटीचा विचार मांडीसह करावा, असे आम्हांस हे वाचताना नेहमी वाटते.

शारीरदृष्ट्या वाटी ही मांडीच्या चतुःशिरस्क पेशीच्या कंडरेत बसलेली आहे. पेशीची ओढ सांध्याच्या आसापासून दूर ठेवून ती तिचे बळ वाढविते. गुडघा सरळ असता वाटी बरीचशी मोकळी असते. सुमारे २० अंश वाकताच तिचा खालचा भाग ऊर्वस्थीच्या खोबणीत टेकतो आणि ९० अंशांपर्यंत हा स्पर्श वर सरकत जातो. सपाटीवर चालताना पडणारा दाब जिन्यावर व उकिडवे बसताना कित्येक पटींनी वाढतो. मांडीच्या पेशी दुर्बल असल्या वा खुब्याच्या पेशींच्या दौर्बल्याने मांडी आत वळली, की वाटी बाहेरच्या बाजूस ओढली जाते. वाटीमागील तरुणास्थी शरीरातील सर्वांत जाड तरुणास्थींपैकी एक. पण त्यात वेदनावाहक नाड्याच नाहीत! दुखते ते त्याखालील अस्थी, श्लेष्मधरा कला, वाटीखालचा मेद आणि बाजूचे बंध. म्हणूनच केवळ ‘कटकट’ आवाजावरून रुग्णास झिजेची भीती घालणे आम्हांस अनुचित वाटते.

औषधालयाच्या चालकांनी तेल देण्यापूर्वी एवढे विचारावे : सांधा उष्ण वा सुजलेला आहे काय, तो अडकतो काय, ताप आहे काय? तसे असल्यास रुग्णास वैद्याकडे धाडावे. दहा ते पंधरा वर्षांचे मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर खुबा अवश्य तपासावा. खुब्याची विकृती पुष्कळदा गुडघ्यात जाणवते.

जानुबस्ती व स्नेहन-स्वेदनाने आराम पडतो, हा आमचा अनुभव आहे. परंतु पेशीबळ व्यायामानेच येते. उताणे निजून, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलून धरावा. कुशीवर निजून वरचा पाय उचलावा. हे काही आठवडे नेमाने व्हावे. जिने व उकिडवे बसणे तेवढे काही काळ कमी करावे, चालणे मात्र बंद करवू नये.