जुन्या गाडीच्या नळ्या

आमचा भाचा अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात नोकरीला असतो. त्याने एक जुनी मोटारगाडी घेतली. जुनी म्हणजे हौसेची जुनी. १९७७ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची एमजीबी. ही गाडी इंग्लंडात अ‍ॅबिंग्डन या गावी तयार होत असे आणि १९८० साली तिचे उत्पादन थांबले. गाडी दारात आल्यावर त्याने बॉनेट उघडले, फोटो काढून मला धाडला आणि खाली विचारले, "मामा, यात इंजीन कुठं आहे?"

इंजीन होते हो. पण वडाच्या पारंब्यांतून जुने देऊळ दिसावे तसे ते दिसत होते. काळ्या रबरी नळ्या इकडून तिकडे गेलेल्या. एक पत्र्याचा डबा, दोनचार पितळी झडपा, मधेच एका नळीच्या तोंडात कुणीतरी बोल्ट ठोकून ठेवलेला. दुसऱ्या फोटोत डिकीतला एक खोका होता. आधीच्या मालकाने इंजिनावरून उतरवलेला एक हवेचा पंप त्यात पडला होता. ही गाडी मुळात कॅलिफोर्नियातच विकलेली, पण मधली काही वर्षे ती शेजारच्या राज्यात होती, तिथे ही उतरवाउतरवी झाली.

भाच्याच्या ओळखीच्या हौशी मंडळींचा सल्ला सरळ होता. "हे सगळं धूर आवरण्याचं जुनं लचांड आहे. काढून टाक, भोकं बुजव, गाडी पळायला लागेल." हा पक्कड घेऊन तयार! मी म्हटले, "अरे, आधी पक्कड खाली ठेव. कोणती नळी कशासाठी आहे ते कळल्यावाचून हात लावू नकोस." मोटार-मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी उमर गेली. काढलेला भाग ठेवला कुठे हे ज्याला सांगता येत नाही त्याने तो काढू नये, असा आमच्या वर्गाचा नियम असे.

भाच्यापुढे पेच होता तो निराळाच. त्या राज्यात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंदणी मिळत नाही, आणि तपासनीस नुसता धूर मोजत नाही, मुळात बसवलेली यंत्रे जागेवर आहेत का तेही पाहतो. १९७५ ची गाडी घेतली असती तर तपासणी चुकली असती. तरी यंत्रे काढायला मोकळीक नव्हतीच, कारण ती काढण्याला देशाच्या कायद्याचीच मनाई आहे. तेव्हा दाखला मिळाला नाही तर पैसे मोजून घेतलेली गाडी अंगणात उभी राहणार.

हा एवढा कडकपणा कशासाठी, ते सांगितले पाहिजे. लॉस एंजलिस शहराच्या एका अंगाला समुद्र आणि बाकी अंगांना डोंगर. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालचा धूर खालीच कोंडतो. १९४३ च्या उन्हाळ्यात एके दिवशी तो इतका कोंडला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. लढाईचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी घबराट उडाली. पुढे तेथल्या कॅल्टेक या संस्थेतले हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ या कामी लागले. अननसाला वास कशाचा येतो हे शोधणारा हा माणूस! १९५० नंतरच्या एकदोन वर्षांत त्यांनी दाखवून दिले की, न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि या दोन्ही जिनसा पुरवण्यात मोटारींचा मोठा हात आहे. हवेतला ओझोन अजमावायला तेव्हा रबराची पट्टी वाकवून उघड्यावर ठेवीत आणि तिला किती वेळात चिरा पडतात ते पाहत. ही रबराची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गाडीकडे वळू. गाडीची घाण मागच्या नळीतूनच बाहेर पडते अशी आपली समजूत असते. तसे नाही. ही यंत्रे निघण्यापूर्वीच्या गाडीत न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेचा सुमारे पाचवा हिस्सा इंजिनाच्या पोटातून, आणखी पाचवा हिस्सा टाकी व कार्बोरेटरमधून, आणि उरलेला मागून जात असे. म्हणून बंदोबस्तही तीन ठिकाणी.

पहिला बंदोबस्त पोटाचा. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा वायू त्यांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरात उतरतोच. पूर्वी तो एका नळीने रस्त्यावर सोडून देत. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत तो पुन्हा इंजिनात ओढून जाळू लागले. यात गाडीचा तोटा काहीच नाही. उलट ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचत नाही. ही नळी बुजवली तर आतला दाब वाढून सगळ्या सीलांतून ऑइल गळू लागते, मग मालक म्हणतो इंग्लिश गाड्या गळक्याच असतात.

दुसरा बंदोबस्त टाकीचा. तो पत्र्याचा डबा सांगितला ना, त्यात कोळसा भरलेला असतो. गाडी उन्हात उभी असताना टाकीतून सुटणारी वाफ हा कोळसा धरून ठेवतो आणि इंजीन सुरू झाले की ताजी हवा त्या कोळशातून ओढली जाऊन ती वाफ जळायला जाते. एमजीबीमध्ये ही हवा डब्यातून इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणात येते, तिथून पोटात आणि पोटातून कार्बोरेटरला. म्हणजे पहिले दोन्ही बंदोबस्त एकाच वाटेवर. म्हणूनच ऑइल ओतण्याचे बूच घट्ट, बिनभोकाचे लागते. आमच्या भाच्याच्या गाडीला आधीच्या मालकाने चकचकीत, भोकाचे बूच बसवले होते. शोभा आली खरी; पण हवा डब्याऐवजी बुचातून शिरू लागली, कोळसा वाफेने तुडुंब राहिला आणि उभ्या गाडीचे इंजीन डचमळू लागले. भाचा चार दिवस कार्बोरेटरशी झगडत होता. दोष बुचाचा.

तिसरा बंदोबस्त मागच्या धुराचा, आणि सगळे लचांड म्हणतात ते मुख्यत्वे हेच. खोक्यातला पंप म्हणजे एक फुंकणी आहे. चूल धुमसू लागली की घरातली माउली फुंकणीने वारा घालते आणि धुराची ज्योत होते. तसा हा पंप पट्ट्यावर फिरतो आणि सिलिंडरातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत ताजी हवा घालतो. राहिलेले पेट्रोल तिथेच जळते. वाटेत एक एकमार्गी झडप असते, ती तापलेला वायू उलटा पंपात येऊ देत नाही. ही झडप तपासायला उपकरण नको. काढून तोंडाने फुंकावी. एका बाजूने वारा जावा, दुसऱ्या बाजूने जाऊ नये. दोन्हीकडून गेला तर झडप बदलायची. दुसरी एक झडप, पाय अचानक उचलला की, इंजिनाला घोटभर जादा हवा देते. नाहीतर त्या क्षणी मिश्रण दाट होऊन मागे फटाका वाजतो.

नायट्रोजनची ऑक्साइडे आवरण्याची तऱ्हा उलटी आहे. ती अपुऱ्या जळण्याने होत नाहीत, फार तापून जळण्याने होतात. म्हणून थोडासा जळका वायू पुन्हा आत सोडतात. निखाऱ्यावर राख ओढली की विस्तव मंदावतो, तसे. या झडपेच्या वाटा काजळीने बुजतात. इंजीन मंद चालू असताना ही झडप हाताने उघडून पाहावी. इंजीन अडखळले तर वाट मोकळी आहे, ढिम्म राहिले तर बुजली आहे.

शेवटी मागच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम यांचा पातळ लेप. अमेरिकेत तो १९७५ च्या गाड्यांपासून सर्रास आला आणि त्याच्या पायी शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिशाचा थर बसला की हा लेप निकामी होतो. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले ते २००० साली. म्हणजे हा विषय केवळ परदेशातल्या हौशी लोकांचा नव्हे. तालुक्याच्या गावी कुणी त्या काळातली जुनी गाडी घेतो आणि कारागीर सांगतो, "साहेब, आतलं पोळं ठोकून पोकळ करतो, अ‍ॅव्हरेज वाढेल." पोळे जर खरोखर वितळून तुंबले असेल तर गाडी ओढणार नाही हे बरोबर, पण ते वितळले का, हे कुणी विचारीत नाही. प्लग चुकत असेल तर कच्चे पेट्रोल तिथे जाऊन जळते आणि पोळे लालबुंद होते. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये, गवत पेट घेते. आधी प्लग नीट करावा, मगच पोळ्याकडे पाहावे.

"पण मामा, गाडीची ताकद?" हा भाच्याचा खरा प्रश्न होता. १९६२ साली एमजीबी निघाली तेव्हा तिला सुमारे ९५ अश्वशक्ती सांगत. पुढे अमेरिकेत जाणाऱ्या गाडीची ती ६०-६५ वर आली. ऐकणाऱ्याला वाटते, मधली तीस अश्वशक्ती त्या पंपाने खाल्ली. पंपाची भूक थोडी असते. दोन कार्बोरेटरांच्या जागी एक आला, सिलिंडरातला दाब उतरवला, ठिणगीची वेळ बदलली, धुराची वाट अरुंद झाली, घट मुख्यतः त्याने झाली. पंप काढून यातले काही परत येत नाही.

मग काम सुरू झाले. मी त्याला सांगितले, प्रत्येक नळीला चिंधी बांधून आकडा घाल, फोटो काढ आणि बॉनेटखाली कंपनीने चिकटवलेली चिठ्ठी वाच. गाडीला मुळात काय काय होते ते तीवर लिहिलेले असते. नंतर इंजीन चालू ठेवून एकेक नळी चिमटीत दाबून पाहा. दाबल्यावर आवाज बदलला तर ती नळी तपासायला बाजूला काढ. बाजूला काढलेल्यांपैकी तीन नळ्या वाकवल्याबरोबर चिरा दाखवू लागल्या. उष्णता आणि ऑइल यांनी रबर कडक होतेच, पण त्या बारीक, आडव्या चिरा ओझोनच्या. ज्या ओझोनला अटकाव करायला या नळ्या घातल्या त्यानेच त्या खाल्ल्या म्हणायच्या! तीन नळ्या, एक बूच, एक झडप बदलली, बोल्ट काढला, खोक्यातला पंप जागेवर चढवला. काम फार तर दोन रविवारांचे.

पहिल्या तपासणीत गाडी नापास झाली. तिथे चाके रुळांवर फिरवून तीन आकडे काढतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त आले तर मिश्रणात पेट्रोल जास्त. न जळलेले पेट्रोल जास्त आले तर कुठेतरी ठिणगी चुकते आहे किंवा ऑइलच पेट्रोलने खराब झाले आहे. नायट्रोजनचा आकडा चढला तर जळणे फार तापट. (आपल्या पीयूसीत पेट्रोल गाडीचे पहिले दोनच पाहतात.) भाच्याचा पहिला आकडा ठीक होता, दुसरा थोडा वर आणि तिसरा फारच वर. तो म्हणाला, "पेट्रोल अजून कमी करतो." मी म्हटले, "तिथंच तर लोक फसतात!" मिश्रण फार पातळ केले की जळणे अधिक तापते, तिसरा आकडा आणखी चढतो, त्याहून पातळ केले तर ठिणगी चुकू लागून दुसराही चढतो. पेट्रोलला हात न लावता त्याने राखेची वाट खरवडली. त्यातून वाटीभर काजळी निघाली. प्लगची एक तार बदलली, ऑइल बदलले आणि इंजीन चांगले अर्धा तास पळवून, गरम असतानाच गाडी तपासणीला नेली.

३५ वर्षांवरच्या गाडीला त्या राज्यात एक सवलतही आहे. संग्राह्य गाडी म्हणून वेगळा विमा उतरवला तर सरकारी पंचाकडे जाता येते आणि यंत्रे जागेवर आहेत का ही पाहणी टळते. धूर मात्र त्या सालच्या मर्यादेतच भरावा लागतो. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. भाच्याला तिची गरज पडली नाही. दुसऱ्या खेपेस तिन्ही आकडे आत बसले.

त्याने मला त्या तीन चिरलेल्या नळ्यांपैकी एक टपालाने पाठवली. शिक्षक मंडळींपैकी कुणाला वर्गात तसे काही दाखवायचे असेल तर परदेशची नळी नको. एक रबरबँड ताणून खिडकीबाहेर सावलीत खिळ्याला अडकवा, दुसरा तसाच ताणून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आणि काही आठवड्यांनी मुलांकडून दोन्ही पाहून घ्या.