बाळंतविडा : शिवणीची मराठी आणि विणकामाची हिंदी

बाळंतीण आणि तिचे मूल यांना आप्तांकडून मिळणाऱ्या वस्त्रांना मराठीत ‘बाळंतविडा’ म्हणतात. शब्दकोशात एवढा अर्थ मिळतो. त्या विड्यात झबली किती, टोपडे कोणत्या कापडाचे, कुंची कशी बेतायची, दुपट्याला अस्तर कशाचे, हे सारे ज्या घरात तो शिवला जातो त्या घरातच कळते. प्रस्तुत लेखात या गृहकलेचा विचार भिलाईच्या वैशाली नगरातील मराठी घरांच्या निमित्ताने केला आहे. महाराष्ट्राबाहेर एखादी कला टिकते तेव्हा तिच्यासोबत भाषाही टिकतेच असे नाही. ती कला घरात कोणत्या वाटेने आली यावर ते अवलंबून असते, आणि भिलाईत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते.

छत्तीसगढशी मराठीचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये येथे आल्या. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. भिलाईची मराठी वस्ती मात्र मुख्यतः अलीकडची आहे. सोव्हिएत सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला, पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि नोकरीच्या निमित्ताने देशभरची माणसे येथे आली. कारखान्याच्या सेक्टरांबाहेर जी निवासी वस्ती वाढली, तिच्यापैकी वैशाली नगर एक. अशा वस्तीत शेजार बहुभाषक असतो आणि व्यवहाराची भाषा हिंदी असते.

आता वस्त्रांकडे वळू. झबले पाठीवर उघडे असते व बंदांनी बांधले जाते. तान्ह्या मुलाची मान धरलेली नसते, त्यामुळे डोक्यावरून घालायचा कपडा त्याला सोसत नाही. पहिल्या झबल्याची शिवण कित्येक जाणत्या स्त्रिया बाहेरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे ती कातडीला काचत नाही. पाहणाऱ्याला झबले उलटे घातल्यासारखे वाटते, पण ते मुद्दाम तसे शिवलेले असते. ‘दुपटे’ या नावातच त्याची कृती आहे : कापडाचे दोन पदर एकावर एक ठेवून घातलेला धावदोरा.

या साऱ्यांत कुंची सर्वांत विचारपूर्वक घडवलेली. आयताकृती कापड मध्यावर दुमडायचे व वरची एक कड शिवायची, की डोक्यावर बसणारा टोकदार भाग तयार होतो. टोकाला गोंडा, मानेशी चुण्या, हनुवटीखाली बंद, आणि उरलेले कापड पाठीवरून थेट पायांपर्यंत. टोपी आणि पांघरूण एकाच वस्त्रात साधते. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते; उघड्या डोक्यावाटे शरीराची ऊब पुष्कळ जाते. मुलाला खांद्यावर घेतले असता वारा कानांना व पाठीला लागतो, नेमकी तीच जागा कुंची झाकते. ती मुलाला बाहेर नेतानाची आहे, झोपवतानाची नव्हे, एवढे येथे नमूद केले पाहिजे : झोपलेल्या मुलाच्या गळ्याशी बंद व तोंडाशी सैल कापड असू नये, असेच आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

या शिवणकामाचा खरा आधार जुने कापड हाच होता. ‘जुनेर’, ‘धडपा’, ‘धडुते’ हे शब्द कापडाच्या उतरत्या वयाचे शब्द आहेत. नऊवारी सुती लुगडे कित्येक धुण्यांनंतर मऊ होई, आणि त्यातून दुपटी, लंगोट, बाळुती सहज निघत. प्रथम जुने वस्त्र व नवे बारशाला, ही अनेक घरांतील रीत केवळ श्रद्धेची मानण्याचे कारण नाही. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला बोचते. नऊवारीची जागा सहावारीने घेतली, सुताची जागा कृत्रिम धाग्याने घेतली, आणि घाम न टिपणारे जुनेर बाळुत्यासाठी निरुपयोगी ठरले. बाळुते मागे पडण्यास तयार लंगोटांइतकाच हा बदलही कारणीभूत आहे. त्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

विणकामाची कथा निराळी. मराठीत त्याची परिभाषा नाही असे मुळीच नाही : सुया, लोकर, सुलट टाका, उलट टाका, टाके बंद करणे. शिवण व हस्तकाम हे स्त्रीशिक्षणाच्या संस्थांतही शिकवले गेले. १९०९ मध्ये पुण्यास सुरू झालेले रमाबाई रानडे यांचे सेवासदन हे त्याचे परिचित उदाहरण. भिलाईत मात्र लोकरीचे टोपडे वा पायमोजे पुष्कळदा शेजारणीकडून, नाहीतर हिंदी मासिकांच्या बुनाई विशेषांकांतून शिकले जातात, आणि लोकरही हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराकडूनच येते. परिणामी मराठी घरातही ‘सलाई’, ‘फंदा’, ‘बुनाई’ हे शब्द रुळतात. हिंदीतले ‘ऊन’ म्हणजे लोकर. ‘बाळासाठी पिवळे ऊन आणले’ हे वाक्य पुण्याहून आलेल्या पाहुण्याला कोवळ्या सकाळची आठवण करून देईल. तसेच ‘फंद्यात चुकले’ हे शब्द ऐकून त्याला एखाद्या भानगडीची शंका आली, तर त्यात त्याचा दोष नाही.

उलट त्याच घरात कुंचीला दुसरे नाव नाही. ती माहेराहून, आईच्या किंवा मावशीच्या हातून, वस्तू आणि नाव अशा जोडीनेच येते. झबले हा शब्द हिंदीतही असल्याने त्याला आव्हान नव्हते. टोपडे, दुपटे व कुंची हे शब्द मात्र शिवणाऱ्या हातांनीच राखले. शेजारच्या छत्तीसगढी घरातील ‘कथरी’ आणि आपली गोधडी यांची कृती सारखीच, जुन्या लुगड्यांचे थर व धावदोरा. तरी दोन्ही नावे आपापल्या घरी कायम राहिली, कारण कोणी कोणाकडून ती शिकले नाही.

खेळण्यांबाबत थोडक्यात. झबल्यांच्या कातरणातून चिंध्यांची बाहुली होते आणि चौकोनी तुकड्यांत कापूस भरून चिमण्या. त्या ओवून पाळण्यावर टांगल्या की चिमणाळे. बाहुलीचे डोळे काळ्या दोऱ्याने भरावेत, बटणे लावू नयेत. सुटलेले बटण मूल तोंडात घालते. नवजात मुलाला वीस ते तीस सेंटिमीटरांवरचे सर्वांत नीट दिसते, म्हणून चिमणाळे फार उंच बांधले तर ते पाहुण्यांच्याच कौतुकाचे राहते.

तयार बाळंतविडा आता पेटीत घालून पुण्या-नागपुराहून मागवता येतो, आणि नोकरी करणाऱ्या आजीने तो मागवला तर त्यात गैर काही नाही. परंतु भिलाईच्या तरुण पिढीत आंतरभाषिक विवाह होतात. पेटी उघडणाऱ्या सासूबाई हिंदी, ओडिया किंवा तेलुगू भाषक असू शकतात. अशा वेळी वस्तू पोचते, नाव पोचत नाही; कुंचीला मग ‘टोपीवाला कपडा’ म्हटले जाते आणि ती कपाटात राहते. शिवणारी व्यक्ती सोबत असेल, तर बंद कसा बांधायचा हे दाखवताना ती नावही सांगते.

बोरन्हाणाचे झबले हा या सगळ्यात अजून घरी शिवला जाणारा कपडा आहे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत केव्हाही होणाऱ्या या समारंभाला काळे झबले लागते, आणि तान्ह्या मुलासाठी काळा कपडा हिंदी भाषक बाजारात सहजासहजी मिळत नाही. म्हणून काळे सुती कापड आणून ते घरीच बेततात. हलव्याचे दागिने त्यावर शिवायचे असतील, तर दोरा दाण्यातून न ओवता दाण्यांभोवती फिरवून जाळीच्या पट्टीला टाचतात, आणि पट्टी झबल्याला फक्त चार टाक्यांनी लावतात. समारंभ संपला की टाके उसवायचे, हलवा मुलांना वाटायचा, आणि झबले धुऊन पुढच्या नातवंडासाठी ठेवायचे.