एक्सपीची राखण

शेजारच्या काकांचा डीटीपीचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो. त्यांनी जुळवलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दोन-तीन ग्रामदैवतांची माहात्म्यं, सगळं युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये आहे. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल नवं विंडोज ओळखत नाही. म्हणून ‘काका, नवा घ्या’ असं मी त्यांना सांगत नाही.

मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट थांबवला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तेव्हा अपवाद म्हणून एक पॅच दिला, पण अशा अपवादाच्या भरवशावर राहता येत नाही. अशा मशीनवर नुसता अँटिव्हायरस घालून निश्चिंत होणं मला पटत नाही. खरा उपाय एकच, नेटची केबल काढून ठेवायची. काकांच्या सीपीयूमागचा लॅन पोर्ट मी चिकटपट्टीने बंदच केला आहे.

मग धोका उरतो पेनड्राइव्हचा. प्रेसमधून परत आलेला ड्राइव्ह लावताना मी शिफ्ट दाबून धरतो, म्हणजे ऑटोरन चालत नाही. परवा फोल्डरांच्या डाव्या कोपऱ्यात छोटे बाण दिसले. ते फोल्डर नव्हतेच, शॉर्टकट होते. त्यावर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो आणि मागे व्हायरसही चालू होतो, त्यामुळे वापरणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. खरे फोल्डर तिथेच दडवलेले असतात. कमांड प्रॉम्प्टवर ‘ॲट्रिब’ने हिडन आणि सिस्टिम हे दोन्ही शिक्के काढले, तसे ते एकेक करून वर आले. शॉर्टकट आणि त्यांच्यामागची स्क्रिप्ट पुसली. काकांनी आधी स्मरणिकेचा फोल्डर उघडून पाहिला, मगच चहा ठेवला.

बाकीच्या तक्रारी बहुधा हार्डवेअरच्या. तारीख सारखी मागे जाते? मदरबोर्डवरचा बटन सेल बदला. मशीन मधूनच बंद पडतं? कपॅसिटरची डोकी फुगलीत का, ते बघा.

हार्डडिस्क मात्र जुनी, चपट्या रुंद केबलची आयडीई आहे, आणि तशी नवी आता दुकानात मिळत नाही. म्हणून सध्या रोज थोड्या थोड्या फाईली पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवतो आहोत. फाँट एम्बेड केला की पीडीएफमध्ये तो सोबतच जातो, अक्षर कुठेही शाबूत राहतं. माहात्म्यं झाली. पत्रिकांना अजून हात लागायचा आहे.